घोंगड्यातली झोप

ज्ञानबा धनगराची ताना चौदा वर्षांची होती तेव्हा तिच्या गळ्यातून पहिल्यांदा परक्या माणसाचं घोरणं ऐकू आलं.

भर दुपार होती. सोलापुरात बाळीवेशीच्या आतल्या एका बोळात ज्ञानबाची खोली होती आणि खोलीपुढच्या ओट्यावर ताना एका जुन्या घोंगड्याचं भोक सांधत बसली होती. तिची आई केराबाई आत चुलीवर चिंचोक्याची खळ शिजवत होती. घोरणं कानावर पडलं तेव्हा तिला वाटलं, कुणी गिऱ्हाईक ओट्यावर टेकलं असेल आणि उन्हानं डोळा लागला असेल. पदराला हात पुसत ती बाहेर आली. ओट्यावर तानाशिवाय कुणीच नव्हतं. पोरगी ताठ बसलेली, डोळे सताड उघडे, दाभण धरलेला हात सावकाश वरखाली होतोय, आणि त्या कोवळ्या गळ्यातून एखाद्या थोराड, तंबाखू खाणाऱ्या बाप्याचं घोरणं चाललंय.

"ताने! ए ताने!" केराबाईनं तिला गदागदा हलवलं.

घोरणं मधेच तुटलं. तानानं आईकडं पाहिलं आणि म्हणाली, "आई, भिंतीतनं हात निगंना झालेत."

"कुणाचं हात?"

तानानं आपले तळवे उलटेपालटे करून बघितले. मग मांडीवरच्या घोंगड्यावर बोट ठेवलं. "माजं न्हवं. ह्येचं."

ते घोंगडं एका हवालदाराचं होतं. केराबाईनं ते तिच्या मांडीवरून ओढून घेतलं, पोरीची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही.

ज्ञानबाचं कूळ मूळचं सांगोल्याकडचं. एकोणीसशे विसाच्या दुष्काळात चारा सरला, पाणी सरलं, मेंढरं माळावर बसली ती उठेनात. उरली ती विकून ज्ञानबा बायको-पोरीला घेऊन सोलापुरात आला. मेंढरं गेली, तरी हातातली लोकर काही सुटली नाही. तो घोंगड्यांच्या किनारी बांधायचा, केराबाई खळ लावून घोंगडी वाळत घालायची, आणि कसरीनं खाल्लेली बारीक भोकं सांधायचं काम तानाकडं असायचं. तिचं लग्न लहानपणीच झालेलं. नवरा बिरदेव गावाकडं बापाबरोबर मेंढरांमागं हिंडत होता. तानाला न्हाण आलं की तिला सासरी धाडायची, एवढंच उरलं होतं. न्हाण आलं, आणि त्याच महिन्यात हे सुरू झालं.

आधी बोटं जड व्हायची. मग श्वास आपला राहायचा नाही. दुसऱ्याच कुणाच्या चालीनं आत-बाहेर होऊ लागायचा. समोरचा बोळ दिसत असायचा, पण पातळ फडक्याच्या पलीकडं असल्यासारखा. फडक्याच्या अलीकडं भलतंच काही चाललेलं असायचं. एका म्हातारीचं घोंगडं हातात घेतलं, तर डोळेच नसलेली कोकरं एकामागून एक येऊन तिचे तळवे चाटू लागली. त्यांच्या जिभा गार होत्या. एका गिरणीकामगाराच्या घोंगड्यात सगळा गाव होता आणि एकाही घराला दार नव्हतं. ताना घाबरून हात काढून घ्यायची, तरी तो गारवा संध्याकाळपर्यंत तळव्यांतून जायचा नाही.

आईनं झाकून ठेवलेलं एका कल्हईवाल्यानं उघड केलं. मोहोळचा माणूस, आपलं घोंगडं न्यायला आला होता. ताना त्याला म्हणाली, "काका, तुमचं छप्पर पेटलंय आन् म्हस सोडायची सोडून तुमी तिची गाठ आवळताय, असं का करताय?"

कल्हईवाल्याच्या हातातून घोंगडं गळून पडलं. "गेल्या साली जळालं की माजं छप्पर. म्हस आतच ग्येली. हिला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलेलं नव्हतं. तिथून सगळ्यांनी एकच अडाखा बांधला, तानानंही बांधला: घोंगड्याला हात लावला की घडलेलं दिसतं. ज्ञानबाला वाटलं, चिंचलीची मायाक्का पोरीवर प्रसन्न झाली. त्यानं दारात लिंबू-नारळ बांधला. ताना म्हणायची, "आबा, देवी न्हाय वो. माज्यात कुणीसुदीक येत न्हाय. मीच कुटं तरी जाती." पण ते ऐकून घ्यायला ज्ञानबाला सवड नव्हती. बायका आता भोकं नसलेली घोंगडीसुद्धा आणू लागल्या होत्या.

अशात पलीकडच्या बोळातली गिरिजाबाई आली. ती अक्कलकोटकडची लिंगायत म्हातारी, नवरा कधीच गेलेला, पदरी दोन मुलगे. थोरला भीमाशंकर बैलगाडीवर स्टेशनातून गिरणीत कापसाचे गठ्ठे वाहायचा. धाकटा शिवयोगी त्याच्या हाताखाली असायचा. गावाबाहेर त्यांचा जमिनीचा एक तुकडा होता, त्यात पायऱ्या नसलेली खोल विहीर. तो तुकडा विकावा की ठेवावा यावरून दोघा भावांची चांगलीच जुंपली, आणि त्याच दिवशी शिवयोगी घरातून गेला तो पुन्हा दिसला नाही. त्याला आता कितीतरी महिने झाले होते. म्हातारीनं त्याचं घोंगडं जपून ठेवलेलं, त्याला कसर लागली.

"सांध गं यव्वा नीट," गिरिजाबाई ओट्यावर बसत म्हणाली. "उद्या आला म्हंजे काय पांगरंल त्यो?"

तानानं घोंगडं मांडीवर घेतलं. दाभणात सूत ओवलं. पहिला टाका घातला आणि तिचं सगळं अंग ताठलं. हनुवटी वर झाली, पाण्याबाहेर तोंड ठेवायला माणूस धडपडतो तशी. आणि ती ओरडली. आवाज तिचा नव्हता. एखाद्या सहा-सात वर्षांच्या पोराचा, चिरका, भेदरलेला.

"अण्णा! हग्ग बिडब्याड! अण्णा!"

तानाला कानडीतले बाजारापुरते चार शब्द यायचे. हे त्यांतले नव्हते. गिरिजाबाईचा चेहरा मात्र राखेसारखा झाला. "दोर सोडू नको म्हनतोय," ती पुटपुटली. "थोरल्याला म्हनतोय. अय्यो, थोरल्याला म्हनतोय!" तिनं तानाचे खांदे धरले. "काय दिसतंय? बोल! कुटं हाय माजा शिवू?"

"हिरीत," ताना म्हणाली. "काळं पानी हाय. वर उजेडाचं एक गोल भगदाड, त्यात भीमाण्णाचं डोकं. हातात दोर हाय. दोर सुटला. अण्णा नुसता बगतोय."

बोळ गोळा झालाच होता. कुणी म्हणालं, दोघं भांडले होते. कुणी म्हणालं, त्या दिवशी भीमाशंकर शेताकडून एकटाच आला. माणसं विहिरीवर धावली, गळ टाकले. वर आली एक फुटकी घागर आणि कुजलेली एक वहाण. मढं मिळालं नाही. पण त्या विहिरीच्या पोटात कपार आहे, मढं तिकडं सरकलं असेल, असं एक जण म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं.

भीमाशंकर गाडी सोडून आला. आईनं काठावरच त्याला गाठलं. "दोर तू सोडलास का? माज्या डोळ्यांत बगून सांग."

तो विहिरीत बघत राहिला. 'नाही' म्हणाला असता तरी पुष्कळ झालं असतं, पण त्याच्या तोंडून 'नाही' निघालं नाही. पोलिसांनी त्याला नेलं, बसवून ठेवलं, आणि मढं नाही, पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. बोळानं मात्र त्याला सोडलं नाही. बायकोला माहेरची माणसं घेऊन गेली. आईनं त्याचं अंथरूण-पांघरूण दारात भिरकावलं. अंगावरच्या कपड्यांनिशी तो चालू लागला. लोकर पायदळी पडू नये म्हणून ज्ञानबानं त्याचं घोंगडं उचललं आणि आपल्या माळ्यावर टाकलं.

ताना ते ओट्यावरून बघत होती. भीमाशंकर जाताना तिच्यापुढं क्षणभर थांबला. तिला शिव्या द्याव्यात, असं काही त्याच्या तोंडावर नव्हतं. तो म्हणाला, "त्याचा आवाज तसाच आला का गं? ल्हानपणचा?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला. त्या बोलण्याचा अर्थ तिला लागला नाही. पण तेव्हापासून तिला जेवण गोड लागेना.

वर्षभर लोक येत राहिले. सासरहून निरोप आला की देवाची बाई घरात कशी नांदवायची ते आम्हांला कळत नाही, बघू पुढं. केराबाई रडली. ज्ञानबा म्हणाला, बरंच झालं.

मग एका सकाळी गिरिजाबाईच्या दारात दाढी वाढलेला, हातात पत्र्याची पेटी घेतलेला एक माणूस उभा राहिला आणि त्याला बघून म्हातारीनं किंकाळी फोडली. तो शिवयोगी होता. हुबळीकडं रेल्वेच्या कामावर होता. रागानं गेला, राग निवल्यावर लाजेनं राहिला. आपण मेलो आहोत, आपल्या भावानं आपल्याला मारलं आहे, हे त्याला स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर कळलं.

तो तडक तानाच्या ओट्यावर आला. ती त्याला बघून भिंतीला टेकली. ह्याचा श्वास तिनं घेतला होता, ह्याचं पाणी तिच्या नाकातोंडात गेलं होतं, आणि हा समोर उभा होता.

"काय बगितलंस तू?" तो म्हणाला. "सगळं सांग."

तिनं सांगितलं. ऐकता ऐकता तो खालीच बसला.

"ते सपान हाय," तो म्हणाला. "माजं सपान. ल्हान हुतो तवा हिरीत घागर पडली. अण्णानं मला कमरेला दोर बांदून खाली सोडलं. दोर सुटला. मी पान्यात. पन अण्णानं वरनं उडी घातली गं! त्यानंच मला काढलं. त्याचा खांदा निखळला त्यात. आजून त्यो हात वर जात न्हाय त्याचा. सपनात तेवडं येत न्हाय. सपनात त्यो नुसता बगत ऱ्हातो. मी रोज वरडत उटतो. हिरीचं आईला आमी कदी कळू दिलं न्हाय, आन् सपनाचं मी कुनालाच सांगितलं न्हाय."

तानाला एकेक घोंगडं आठवत गेलं. हवालदाराचे हात कुठल्या भिंतीत अडकले नव्हते. गावाला दारं होती, कोकरांना डोळे होते. छप्पर जळालं होतं खरं, पण म्हशीची गाठ त्या माणसानं कधी आवळली नसेल. ते तो रोज झोपेत करत असेल. वर्षभर तिनं लोकांना त्यांची स्वप्नं घडलेली म्हणून सांगितली होती.

त्या दुपारी तिनं आपण होऊन माळ्यावरून भीमाशंकरचं घोंगडं काढलं. केराबाई आडवी आली. ताना म्हणाली, "आई, येकदाच." तिनं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

बोटं जड झाली नाहीत. डोळ्यांपुढं काही आलं नाही. तिला वाटलं, हे रिकामंच आहे. मग हळूहळू कान टवकारले गेले, एखाद्या राखण्या कुत्र्याचे व्हावेत तसे. तिच्या शेजारी कुणीतरी निजलेलं होतं आणि ती त्याचा श्वास ऐकत होती. श्वास लांबला की जीव घुटमळायचा. श्वास अडखळला की हात पुढं जायचा आणि त्या निजलेल्याच्या छातीवर अलगद टेकायचा. थांब. मी हाय. झोप. एवढंच पुन्हा पुन्हा. उजवा खांदा ठणकत होता. त्या घोंगड्यात झोप नव्हतीच. वर्षानुवर्षांचं जागरण होतं.

ताना तशीच उठून गिरिजाबाईकडं गेली आणि हे तिला सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकलं आणि भिंतीवर डोकं आपटून घेतलं.

शिवयोगी बाजारामागून बाजार धुंडाळत निघाला. भाऊ त्याला वैरागला सापडला. तिथल्या अडतीवर गाड्या भरत होता. दोघं सोलापुरात आले ते आधी तानाच्या दारात. भीमाशंकर वाळून कोळ झाला होता. तानानं त्याचे पाय धरले.

"अण्णा, मी तुमचा घात केला. मला वाटलं घडलंय."

"ऊट," तो म्हणाला. तिच्या डोक्यावर ठेवायला त्यानं डावा हात वापरला. धाकट्याला म्हणाला, "शिवू, तू जरा पुढं हो. आईला सांग आलो म्हनून."

शिवयोगी वळणाआड गेल्यावर तो ओट्याच्या कडेला बसला. मग म्हणाला, "आईनं इचारलं तवा मी न्हाय का म्हनालो न्हाय, ठाव हाय का तुला? ल्हानपनी त्या दिशी मी लई चिडलो हुतो शिवूवर. घागर त्यानंच पाडलेली. आन् मार मला बसलेला. दोर हातातनं सुटला. का मी सोडला? मला आजून कळलं न्हाय. उडी घातली ती त्येच्या पाठोपाट. पन मदी एक पळ ग्येला की गं. मी काठावर हुबा राहून बगत हुतो. तेवडं त्यानं खालनं बगितलंय."

तानाच्या अंगावर काटा आला. दुपारचं ऊन होतं, समोर बैल रवंथ करत होते, तरी आला.

"मंग सपान खरंच हाय," ती म्हणाली.

"तेवडंच खरं हाय," भीमाशंकर म्हणाला. "त्याला सांगू नको."

तिनं कधीच सांगितलं नाही. भीमाशंकर घरी गेला, पुढं त्याची बायकोही आली. विहिरीचं ते शेत मात्र दोघा भावांनी विकून टाकलं.

इकडं तानाच्या नावानं शिमगा सुरू झाला. कालपर्यंत नारळ ठेवणाऱ्या बायका आता ओट्यापुढून जाताना थुंकून जात. चेटकीण म्हणत. ज्ञानबानं दारातला नारळ सोडून टाकला आणि गिरणीच्या फाटकावर राखणीचं काम धरलं. देवीची बाई उरली नाही हे कळल्यावर सासरची माणसं न्यायला आली. देवीपेक्षा वेडी सून त्यांना परवडत असावी.

तानानं वाटेतच बिरदेवाला सगळं सांगून टाकलं. तो विशीतला, मिशा नुकत्या फुटलेला पोरगा. मेंढरांमागं चालता चालता त्यानं ऐकून घेतलं.

"मंग माज्या घोंगड्याला हात लावलास तर माजं सपान दिसंल?"

"व्हय. पन मी लावायची न्हाय."

त्यानं मागं राहिलेलं एक मेंढरू पुढं हाकललं. मग म्हणाला, "सकाळी उटल्यावर माजं मलाच आटवत न्हाय. तुजं तू ठरीव." आणि त्या साली कातरलेल्या पहिल्या लोकरीचं एक कोरं घोंगडं त्यानं तिच्यापुरतं विणून घेतलं. ज्यात कुणीही कधी निजलेलं नव्हतं.

ताना त्या वाडीवर चांगली नांदली. मेंढरं राखली, लोकर कातली, तीन लेकरं वाढवली. लेकरांची घोंगडी झटकायची वेळ आली की काठीनं झटकायची. बायका कधी विचारायच्या, तुला म्हणं दिसायचं. ती म्हणायची, "दिसायचं. पन कळायचं न्हाय." बाजारात एखादा घोंगडं पांघरलेला माणूस गर्दीत चुकून तिला घासून गेला की ती जागीच थबकायची, तोंडातलं वाक्य अर्धं राहायचं, आणि बरोबरची बाई तिचा हात धरून तिला पुढं न्यायची. वाडीला त्याची सवय झाली.

छत्तीस साली केराबाई वारली. ज्ञानबा आधीच गेला होता. दिवस झाल्यावर सोलापूरची खोली रिकामी केली, आणि आईच्या मागं राहिलेलं तिचं घोंगडं घ्यायला कुणी पुढं येईना. ताना म्हणाली, मी नेते. वाडीवर आणून तिनं ते वळणीवर टाकलं आणि काही दिवस त्याच्या बाजूलाही फिरकली नाही.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं ते काढलं, भुईवर आडवी झाली आणि डोक्यापर्यंत ओढून घेतलं.

बोटं जड झाली. श्वास बदलला, आईला शेवटी दमा होता, तसा तो चिरत चिरत येऊ लागला. पुढं एक पांढरा माळ होता. माळावर एक मुलगी पाठमोरी बसलेली, चौदा वर्षांची, हातात दाभण. आई तिला हाका मारत होती. ताने. ए ताने. हाक माळावर नीट ऐकू जात होती, तरी मुलगी वळत नव्हती. आई पुढं जायची, मुलगी तेवढीच लांब राहायची. तिच्या अंगातून कुणाकुणाचे आवाज निघत होते, बाप्यांचे, म्हाताऱ्यांचे, पोरांचे. तिचा एकही नव्हता. आईच्या मनातली भीती तानाच्या पोटात उतरली: ही वळली आणि हिला तोंड दुसऱ्याच कुणाचं असलं तर?

ताना घोंगड्याखाली रडू लागली. "आई, ओ," ती मोठ्यानं म्हणाली. "मीच हाय गं. मीच हाय." तिकडं काहीच बदललं नाही. हाका चालूच राहिल्या. तरी ती दर हाकेला ओ देत राहिली, घसा बसेपर्यंत.

दिवस कलताना बिरदेव मेंढरं घेऊन आला. बायको आईच्या घोंगड्याखाली गाढ झोपलेली दिसली. इतक्या वर्षांत ती दुपारी कधी निजलेली त्यानं पाहिली नव्हती. त्यानं लेकरांना गप्प केलं, मेंढरं वाड्यात कोंडली आणि चूल आपणच पेटवली.